जुनं घड्याळ ओळखताना : हान्स विल्सडॉर्फ यांची गोष्ट

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक जुनं मनगटी घड्याळ असतंच. कुणाचे आजोबा पलटणीत होते, कुणाचे कोयना प्रकल्पावर, कुणाचे मुंबईच्या गिरणीत. माणूस गेला, पण घड्याळ राहिलं. ते ट्रंकेत नाहीतर कपाटाच्या खणात, रुमालात गुंडाळून ठेवलेलं असतं. पट्टा कधीच तुटलेला, काच पिवळी पडलेली. चावी दिली की दोन मिनिटं टिकटिक करतं आणि थांबतं. गणपतीला सगळे जमले की कधीतरी ते बाहेर निघतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो: हे आहे कुठलं, आणि याचे किती येतील?

मग घरात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी मोबाईलवर बघून लाखाच्या गोष्टी करते. दुसरी म्हणते, भंगार आहे, देऊन टाका. दोन्ही पार्ट्यांनी झाकण उघडून आत काय लिहिलंय ते बघितलेलं नसतं. आपण इंजिनिअरिंगवाले. वस्तू हातात आली की आधी मोजायची, मग बोलायचं, हे आपल्याला फर्स्ट इयरच्या वर्कशॉपपासून शिकवतात. पण जुन्या घड्याळात नेमकं काय बघायचं हे कळायला एका माणसाची गोष्ट माहीत असलेली बरी. मनगटी घड्याळावर आज आपण ज्या खुणा शोधतो, त्यातल्या बऱ्याच या माणसाच्या धंद्यातून आणि हट्टातून आल्या आहेत. त्याचं नाव हान्स विल्सडॉर्फ. हे नाव फारसं कुणाला माहीत नसतं. त्याने घड्याळाला दिलेलं नाव मात्र सगळ्या जगाला माहीत आहे : रोलेक्स.

बोर्डिंगमधला पोरका मुलगा

हान्सचा जन्म २२ मार्च १८८१ चा, जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या कुल्मबाख गावचा. घरचा धंदा लोखंडी सामानाचा आणि चांगला चालणारा. तीन भावंडांत हा मधला. पण बारा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघंही गेले. मामा-काकांनी धंदा विकून टाकला, आलेले पैसे मुलांच्या नावावर ठेवले आणि हान्सची रवानगी कोबुर्गच्या बोर्डिंग शाळेत केली.

हॉस्टेलवाल्यांनो, जरा विचार करा. आपल्याला मेसचं जेवण आवडलं नाही तर घरी फोन तरी करता येतो. याला फोन करायला घरच उरलं नव्हतं. पण पोरगा रडत बसला नाही. गणितात आणि भाषांत त्याने चांगली पकड मिळवली. इंग्रजी चांगलं शिकला आणि पुढे त्याच इंग्रजीने त्याला पहिली नोकरी मिळवून दिली. मोठेपणी आठवणी लिहिताना त्यांनी त्या नातेवाइकांना दोष दिला नाही. आपल्या वस्तूची काळजी आपणच घ्यायची ही सवय त्या दिवसांत लागली आणि पुढच्या यशात तिचा मोठा वाटा आहे, असंच त्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

शाळा संपल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला. आधी जिनिव्हात मोत्यांच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली. मग १९०० मध्ये ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात कुनो कोर्टेन यांच्या पेढीत कारकून म्हणून लागला. पगार महिना ८० फ्रँक. काम इंग्रजी पत्रव्यवहाराचं. पण त्याच्याकडे आणखी एक काम होतं. रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी द्यायची आणि ती वेळ बरोबर दाखवतात का ते तपासायचं. हे काम कंटाळवाणं खरं, पण दिवसाला शेकडो घड्याळं हाताखालून गेल्यावर कुठलं मशीन चांगलं आणि कुठलं नुसतं चकचकीत, हे माणसाला आपोआप कळायला लागतं. त्याचं खरं शिक्षण हेच. एवढी टर्मवर्क आपल्याकडे कुणी केली असेल असं वाटत नाही.

बांगडीसारखं घड्याळ

१९०३ मध्ये तो लंडनला आला. वारशाचे पैसे सोबत घेऊन निघाला होता, ते प्रवासात चोरीला गेले असं सांगतात. दोन वर्षं एका घड्याळाच्या कंपनीत नोकरी केली आणि १९०५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आल्फ्रेड डेव्हिस यांच्याबरोबर स्वतःची पेढी काढली. पेढीचं नाव विल्सडॉर्फ अँड डेव्हिस. मशीन स्वित्झर्लंडमधून आणायचं, चांगल्या केसमध्ये बसवायचं आणि इंग्लंडच्या जवाहिऱ्यांना विकायचं, असा धंदा.

त्या काळी पुरुषाचं घड्याळ खिशात असायचं, साखळीला बांधलेलं. मनगटावर घड्याळ बांधणं म्हणजे बायकांची बांगडी असं लोक हसायचे. हसण्यामागे तांत्रिक कारणही होतं. मनगटी घड्याळाचं मशीन लहान. बॅलन्स व्हील लहान झालं की त्याचं जडत्व कमी होतं आणि प्रत्येक धक्क्याने त्याची लय जास्त बिघडते. खिशातलं घड्याळ दिवसभर जवळजवळ उभं लटकतं, हात मात्र सतत हलतो, फिरतो, आपटतो. शिवाय धूळ, घाम आणि पाणी. तेव्हाचे बहुतेक जाणकार म्हणायचे की हे खेळणं अचूक होणं शक्य नाही.

विल्सडॉर्फ यांचं मत वेगळं होतं. स्वित्झर्लंडच्या बील गावात एग्लर नावाच्या कारखान्यात लहान आणि भरवशाची मशीन बनतात हे त्यांना कोर्टेनकडच्या नोकरीत कळलं होतं. तिथे जाऊन त्यांनी आपल्या भांडवलाच्या मानाने फारच मोठी ऑर्डर दिली. त्याआधी बोअर युद्धात काही सैनिकांनी घड्याळ मनगटाला बांधून वापरलं होतं, कारण एका हातात बंदूक असताना खिशात हात घालायला वेळ नसतो. माणसं जास्त धावपळ करायला लागली की घड्याळ मनगटावर येणारच, हा त्यांचा अंदाज होता.

इथे आपल्याला पहिली खूण मिळते. त्या काळच्या केसच्या आत, झाकणाच्या मागे, डब्ल्यू आणि डी या अक्षरांचा छोटा शिक्का असतो. तो विल्सडॉर्फ अँड डेव्हिसचा. १९०७ पासून इंग्लंडमध्ये आयात होणाऱ्या चांदी-सोन्याच्या केसवर तिथल्या तपासणी कार्यालयाचा शिक्का मारणं सक्तीचं झालं. त्या शिक्क्यात एक अक्षर असतं आणि दरवर्षी ते बदलतं. अक्षर कळलं की वर्ष कळलं. डायलवर मात्र अनेकदा तिसऱ्याच कुणाचं नाव असतं, कारण दुकानदार तिथे आपल्या दुकानाचं नाव घालून घ्यायचे. म्हणजे डायलवर काही ओळखीचं दिसलं नाही म्हणून घड्याळ सामान्य ठरत नाही, आणि डायलवर मोठं नाव दिसलं म्हणून आतलं मशीन त्याच घराण्याचं आहे असंही नाही. बाहेरच्या पाटीवर जायचं नाही, आत बघायचं.

पाच अक्षरं

माल आपला आणि नाव दुकानदाराचं, हे विल्सडॉर्फ यांना खटकत होतं. त्यांना असं नाव हवं होतं की जे छोट्या डायलवर मावेल आणि कुठल्याही भाषेत एकसारखं उच्चारता येईल. अक्षरं उलटसुलट जुळवून त्यांनी शेकडो नावं करून बघितली. लंडनमध्ये घोड्यांच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसून जाताना कुणीतरी कानात कुजबुजल्यासारखं रोलेक्स हे नाव सुचलं, अशी आख्यायिका त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. खरंखोटं तेच जाणोत. २ जुलै १९०८ ला ला शो-द-फाँमध्ये हे नाव नोंदवलं गेलं, एवढं मात्र कागदावर आहे.

दुकानदारांनी सुरुवातीला विरोध केला. मग विल्सडॉर्फ यांनी युक्ती केली. सहा घड्याळांच्या खोक्यात एकाच घड्याळावर रोलेक्स लिहून पाठवायचं. त्यावर फारसं कुणी भांडलं नाही, तसे दोन केले, मग तीन. पुढे जाहिरातींनी गिऱ्हाईकच नाव विचारायला लागलं आणि १९२० च्या दशकात सगळ्या डायलवर तेच नाव आलं. वीस वर्षांचं काम हे.

क्यूची परीक्षा

नाव मिळालं, पण अचूकपणाचं काय? १९१० मध्ये त्यांनी बीलच्या अधिकृत तपासणी कार्यालयात मनगटी घड्याळ पाठवलं आणि क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळवलं. मनगटी घड्याळाला असं प्रमाणपत्र मिळण्याची ती पहिलीच वेळ. (क्रोनोमीटर आणि क्रोनोग्राफ यांत घोळ करू नका. क्रोनोमीटर म्हणजे अचूकपणाची परीक्षा पास झालेलं घड्याळ, क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. व्हायवाला विचारतात!)

मग जुलै १९१४ मध्ये खरी परीक्षा झाली, इंग्लंडच्या क्यू वेधशाळेत. इथे मोठमोठी जहाजावरची घड्याळं तपासली जायची. घड्याळ ४५ दिवस ठेवायचं, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत : बर्फाजवळचं थंड, नेहमीचं आणि भट्टीतलं गरम. रोजचा फरक मोजायचा. विल्सडॉर्फ यांनी पाठवलेलं घड्याळ जेमतेम २५ मिलिमीटर व्यासाचं होतं. ते अ वर्गात पास झालं. मनगटी घड्याळाला असं प्रमाणपत्र त्याआधी कधीच मिळालं नव्हतं. त्यानंतर बांगडी म्हणून हसणारे बरेचसे गप्प झाले.

सेकंदाची किंमत काय असते हे कोयनानगरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी इथे भूकंप झाला. धरणात पाणी साठायला लागल्यावर सौम्य धक्के जाणवू लागले होते, म्हणून या भागात भूकंपमापक आधीच बसवलेले होते. भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला सहाएक किलोमीटर वेगाने येते. नोंदीच्या घड्याळात एका सेकंदाची चूक झाली तर केंद्राच्या अंतरात सहाएक किलोमीटरची चूक होते. हेळवाकचा भूकंप कुठल्या कुठे दाखवला जाईल. अचूक घड्याळ ही चैन नाही, ते मोजण्याचं हत्यार आहे. विल्सडॉर्फ यांना हे फार लवकर कळलं होतं.

पहिलं महायुद्ध

प्रमाणपत्र मिळालं आणि तीन आठवड्यांच्या आत युद्ध पेटलं. विल्सडॉर्फ जन्माने जर्मन. बायको इंग्लिश, १९११ मध्ये लग्न झालेलं, स्वतः ब्रिटिश नागरिक, पण आडनाव जर्मन ते जर्मनच. इंग्लंडमध्ये जर्मन नावाच्या दुकानांवर लोकांचा राग होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्यांनी कंपनीच्या नावातून स्वतःचं आडनाव काढून टाकलं आणि रोलेक्स वॉच कंपनी केलं. त्याच वर्षी इंग्लंडने आयात घड्याळांवर ३३ टक्क्यांहून जास्त कर बसवला. धंदा हळूहळू स्वित्झर्लंडला हलवावा लागला आणि १९२० मध्ये जिनिव्हात कंपनी नोंदवली गेली.

त्याच युद्धाने मनगटी घड्याळ पुरुषाचं केलं. खंदकात हल्ला ठरलेल्या मिनिटाला सुरू व्हायचा, खिशात हात घालायला कुणाला फुरसत नव्हती. आपल्या सातारा जिल्ह्याचा या युद्धाशी जवळचा संबंध आहे. अपशिंगे गावचे ४६ जवान त्यात कामी आले, म्हणून तर त्या गावाच्या नावापुढे मिलिटरी लागलं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. त्या काळात मुंबई-कलकत्त्यात दुकानं असलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं हिंदी सैनिकांत लोकप्रिय होती. फावर-ल्यूबा ही स्विस कंपनी तर एकोणिसाव्या शतकातच मुंबईत येऊन बसली होती. त्यामुळे आपल्याकडच्या ट्रंकेत रोलेक्स निघण्यापेक्षा वेस्ट एंड, फावर-ल्यूबा किंवा १९६१ नंतरची एचएमटी निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. त्याने नाराज व्हायचं कारण नाही. घड्याळ कुठलंही असलं तरी तपासायची रीत एकच.

पाण्यातलं घड्याळ आणि जाहिरातीतलं सत्य

धूळ आणि पाणी हे दोन शत्रू अजून बाकी होते. १९२६ मध्ये विल्सडॉर्फ यांनी ऑयस्टर केस आणली. कल्पना आपल्या बरणीच्या झाकणासारखी. मागचं झाकण, पुढची काचेची कडी आणि चावी, तिन्हींना आटे पाडून घट्ट पिळायचं. आट्याच्या चावीचं पेटंट मुळात पेरेगो आणि पेरे या दोघांचं होतं, ते त्यांनी विकत घेतलं.

आता लोकांना पटवायचं कसं? ७ ऑक्टोबर १९२७ ला लंडनच्या मर्सिडीज ग्लाइट्झ नावाच्या टायपिस्ट मुलीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. असं करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. पण चारच दिवसांनी दुसऱ्या एका बाईने त्याहून कमी वेळात खाडी पोहल्याचा दावा केला आणि नंतर तो खोटा असल्याचं कबूल केलं. त्यामुळे खऱ्या पोहणाऱ्या ग्लाइट्झवरही संशय आला. तिने २१ ऑक्टोबरला पुन्हा पोहायचं ठरवलं. विल्सडॉर्फ यांनी तिच्याकडे एक ऑयस्टर घड्याळ दिलं आणि तिने ते गळ्यात बांधलं. पाणी भयंकर थंड होतं. दहा तासांहून जास्त पोहल्यावर तिला बाहेर काढावं लागलं, खाडी पार झाली नाही. पण तिची जिद्द बघून तिच्या पहिल्या पोहण्यावरचा संशय मात्र गेला. घड्याळ व्यवस्थित चालू होतं. २४ नोव्हेंबर १९२७ ला डेली मेलच्या पहिल्या पानभर जाहिरात आली. दुकानांच्या खिडक्यांत मासे सोडलेल्या काचेच्या टाकीत घड्याळं चालू ठेवलेली लोकांना दिसायला लागली.

यात एक बारकाई आहे. ग्लाइट्झने खाडी पार केली हे खरं, आणि तिच्या गळ्यातलं घड्याळ पाण्यात दहा तास चाललं हेही खरं. पण ती पार झाली त्या वेळी घड्याळ तिच्याकडे नव्हतं. जाहिरात वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही गोष्टी एक झाल्या आणि आजही बरेच जण तसंच सांगतात. आपल्या घरच्या घड्याळाच्या गोष्टीही अशाच असतात. आजोबांना साहेबाने दिलं, हे खरं असेल. पण हेच घड्याळ दिलं का, की ते हरवलं आणि त्यांनी नंतर दुसरं घेतलं? गोष्ट आणि वस्तू एकमेकींशी जुळतात का, ते आधी पाहायला हवं.

ऑयस्टरमध्ये एक अडचण उरली होती. रोज चावी द्यायला आटे सोडवायचे आणि माणूस परत पिळायला विसरला की पाणी आत. म्हणजे चावी द्यायची वेळच येऊ नये अशी सोय हवी. जॉन हारवुड या इंग्लिश घड्याळजीने १९२० च्या दशकात हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं मनगटी घड्याळ बनवलं होतं, पण त्यातलं वजन दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आपटून परत यायचं. रोलेक्सने १९३१ मध्ये पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला. त्या पर्पेच्युअल मशीनसाठी जागा हवी म्हणून मागचं झाकण फुगीर करावं लागलं. तेव्हाच्या त्या घड्याळांना संग्राहक बबलबॅक म्हणतात. हीसुद्धा एक खूण झाली.

उधारीवरची घड्याळं

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेल्या ब्रिटिश कैद्यांची घड्याळं जप्त व्हायची. विल्सडॉर्फ यांनी जिनिव्हातून त्यांना घड्याळं पाठवायला सुरुवात केली आणि पैसे युद्ध संपल्यावर द्या असं कळवलं. कैदेतला माणूस सुटेल की नाही याची खात्री नव्हती, तरी उधारी. क्लाइव्ह नटिंग नावाच्या कॉर्पोरलने १९४३ मध्ये छावणीतून एक क्रोनोग्राफ मागवला. तो छावणीत चपला-बूट दुरुस्त करायचा. चार महिन्यांत घड्याळ पोचलं. बिल त्याने युद्धानंतर, १९४८ मध्ये भरलं, पंधरा पौंडांच्या आसपास. तेच घड्याळ २००७ मध्ये लिलावात ६६ हजार पौंडांना गेलं. त्याच्याबरोबर विल्सडॉर्फ यांच्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार जपून ठेवलेला होता. पत्रं नसती तर ते एक चांगलं जुनं घड्याळ ठरलं असतं, बस्स. त्या कागदांनी घड्याळाचा मालक, तारीख आणि प्रवास सिद्ध केला.

या बाजूबरोबर दुसरी बाजूही सांगायला हवी. युद्धाच्या काळात ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या फायलींत विल्सडॉर्फ यांच्या जर्मन सहानुभूतीविषयी संशय नोंदवलेला आहे. कैद्यांवरचा विश्वास आणि हा संशय, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर कागदोपत्री आहेत. मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना एक फाईल दडवायची नसते.

मागे काय ठेवलं

१९४४ मध्ये पत्नी फ्लोरेन्स वारल्या. मूलबाळ नव्हतं. दुसऱ्याच वर्षी विल्सडॉर्फ यांनी स्वतःच्या नावाने एक संस्था स्थापन केली आणि कंपनीचे आपले सगळे भाग तिच्याकडे सोपवले. रोलेक्सची मालकी आजही त्या संस्थेकडेच आहे, शेअर बाजारात ती कंपनी नाही. ज्या मुलाच्या घरचा धंदा लहानपणीच विकला गेला, त्याने स्वतःचा धंदा कुणाला विकता येणार नाही अशी तजवीज केली. या दोन गोष्टींचा संबंध जोडायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्यानंतरही काम थांबलं नाही. १९४५ मध्ये तारीख आपोआप बदलणारं डेटजस्ट, परवडणाऱ्या किमतीत ट्यूडर हा वेगळा ब्रँड, १९५३ मध्ये पाणबुड्यांसाठी सबमरीनर. त्याच वर्षी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. रोलेक्सने त्या मोहिमेला घड्याळं दिली होती, पण हिलरींकडे इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीचं घड्याळ होतं, ते आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. जानेवारी १९६० मध्ये त्रिएस्ते ही पाणबुडी समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर उतरली तेव्हा बाहेरच्या बाजूला एक खास रोलेक्स बांधलेलं होतं आणि ते वर आलं तेव्हा चालू होतं. बांगडी म्हणून हिणवलेल्या यंत्राने इथवर मजल मारली. ६ जुलै १९६० ला जिनिव्हात विल्सडॉर्फ वारले. तिथल्या एका पुलाला आज त्यांचं नाव आहे.

आता आपलं घड्याळ

मग आपल्या ट्रंकेतल्या घड्याळाचं काय करायचं? विल्सडॉर्फ कोर्टेनच्या पेढीत करायचे तेच. घाई न करता बघायचं आणि लिहून ठेवायचं.

पहिली गोष्ट, पॉलिश करू नका आणि डायल रंगवून घेऊ नका. जुन्या घड्याळाच्या किमतीत मूळ डायलचा वाटा फार मोठा असतो. डागाळलेला मूळ डायल नव्या रंगवलेल्या डायलपेक्षा बहुतेक वेळा जास्त मोलाचा. जुनी स्विस मशीनं आणि भडक नवे डायल जोडून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक मुंबई स्पेशल म्हणतात. हे नाव काही कौतुकाचं नाही.

दुसरी गोष्ट, झाकण विश्वासू घड्याळजीकडून आपल्यासमोर उघडून घ्या आणि फोटो काढा. तीन जागी बघा : डायल, झाकणाची आतली बाजू आणि मशीन. तिन्हींवरची नावं आणि आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुन्या रोलेक्स ऑयस्टरवर पट्ट्याच्या दोन शिंगांमध्ये आकडे कोरलेले असतात, बाराकडे मॉडेलचा, सहाकडे अनुक्रमांक. अनुक्रमांकावरून वर्षाचा अंदाज येतो, पण तो अंदाजच. काही स्विस कंपन्या जुन्या नोंदवह्यांतून उतारा देतात, तिथे लिहून विचारता येतं.

तिसरी गोष्ट, अंधारात चमकणारे आकडे. साधारण १९६० पर्यंत त्यात रेडियम वापरायचे, नंतर ट्रिटियम आलं. ट्रिटियमवाल्या डायलच्या तळाशी बऱ्याचदा स्विस शब्दाच्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर असतं. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं, ट्रिटियमचं बारा वर्षांच्या आसपास. जुना डायल आता चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असं नाही. चमकणारं रसायन थकलं, किरणोत्सर्ग तसाच आहे. म्हणून असा डायल खरवडू नका, फुंकू नका, लहान मुलांच्या हातात देऊ नका.

चौथी गोष्ट, किंमत एकच नसते. सोन्याच्या वजनाची किंमत वेगळी, दुकानदार देईल ती वेगळी, लिलावातली वेगळी आणि विमा कंपनी धरते ती वेगळी. कुणी आकडा सांगितला की यातली कुठली, हे आधी विचारा. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय घड्याळ हातातून सोडू नका. चेन्नई-बंगळूरच्या भाचीने किंवा दुबईच्या काकांनी फोटो बघून सांगितलेली किंमत ही किंमत नव्हे.

आणि पाचवी, सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत राहून जाणारी. घरात ज्यांना आठवतं त्यांना आत्ताच विचारा. कधी घेतलं, कुठे, कुणी दिलं, कुणाच्या हातात होतं, पहिल्यांदा कुठे दुरुस्त केलं. तारीख घालून कागदावर उतरवा. पलटणीचा दाखला, प्रकल्पावरचा जुना फोटो, दुकानाची पावती, जे असेल ते त्याच पाकिटात ठेवा. नटिंगच्या घड्याळाला चढलेली किंमत बऱ्याच अंशी अशा कागदांची होती. आणि बाजारात शून्य किंमत निघाली तरी हा कागद घरात कामाला येईल, कारण घड्याळ पुन्हा चालू करता येतं, पण सांगणारं माणूस एकदा गेलं की गेलं.

दिवाळीची सुट्टी जवळ आहे. सबमिशनच्या फायली बाजूला ठेवून एक दुपार ट्रंकेसाठी काढा. आजी घरात असेल तर सुरुवात तिच्यापासून करा.